मुरणारा केक आणि ताजा केक: नाताळची तयारी कधीपासून?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत कुणी नाताळच्या केकचं नाव काढलं, की घरात हमखास 'आत्तापासून?' असा सूर निघतो. हा सूर एका केकच्या बाबतीत बरोबर आहे, दुसऱ्याच्या बाबतीत साफ चुकीचा. अडचण अशी, की दोन्ही केक बाजारात प्लम केक या एकाच नावानं मिळतात. दोन्ही तपकिरी असतात आणि दोन्हीत बेदाणे असतात. पण एक महिनाभर मुरतो, तर दुसऱ्यावर आठवड्याभरात बुरशी चढते.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. ताज्या केकचा गडदपणा बहुधा जळक्या साखरेच्या पाकातून आलेला असतो. वजन बघा. मुरणाऱ्या केकमध्ये सुकी फळं मैद्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असतात. सुरी घातली की फळंच कापली जातात, मैदा फक्त त्यांना धरून ठेवतो. ताजा केक हा मुळात साधा स्पंज. त्यात फळं मैद्यापेक्षा कमी असतात आणि तुकडा बोटानं दाबला की परत वर येतो.

टिकण्याचं गणितही इथंच आहे. बुरशीला मोकळं पाणी लागतं. साखर आणि सुकी फळं पाणी धरून ठेवतात, वरून रम किंवा ब्रँडी असते, त्यामुळं मुरणारा केक मुरांब्यासारखा टिकतो. ताज्या केकमध्ये पाणी मोकळं असतं. म्हणून मुरणाऱ्या केकची फळं ऑक्टोबरमध्ये भिजवली तरी ती घाई नव्हे, आणि ताजा केक २२ डिसेंबरच्या आधी भाजणं ही घाईच.

आधी मुरणारा केक. ८ इंची गोल डब्यासाठी ७५० ग्रॅम सुकी फळं घ्या: ४०० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम काळे मनुके, १०० ग्रॅम खजूर, ५० ग्रॅम साखरेत मुरवलेली संत्र्याची साल. मनुके बियांचे असतील तर बिया काढाच, दाताखाली आलेली एक बी अख्खा तुकडा कडू करते. बेदाण्यासाठी सांगलीकरांना लांब जायला नको. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि माल वर्षभर शीतगृहातून बाजारात येत राहतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून मग शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. हिरव्या बेदाण्याला शिवाय गंधकाची धुरी दिलेली असते. तो तेलकटपणा आणि गंधकाचा वास केकमध्ये नको असेल, तर बेदाणे कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, निथळा आणि पंख्याखाली कापडावर पूर्ण दिवस वाळवा. इथं कंटाळा केला की बरणी बिघडते. फळांबरोबर आत गेलेलं पाणी रम पातळ करतं, आठ-दहा दिवसांत बुडबुडे येतात, झाकण उघडताना फस्स आवाज होतो आणि आंबूस वास सुटतो. अशी फळं टाकून द्या. वरून आणखी रम ओतून ती सुधारत नाहीत.

७५० ग्रॅम फळांना १५० मिली रम पुरते. काचेची, घट्ट झाकणाची बरणी घ्या. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून ठेवण्याची सवय इथं उपयोगाची नाही, कारण अल्कोहोल उडून जातं (आणि बरणी खरोखरच लोणच्याची असेल, तर नाताळला मोहरीचा वास येतो). दोन-तीन दिवसांनी बरणी उलटीसुलटी करा. काजू-बदाम त्यात घालू नका. ते मऊ पडतात आणि त्यांचं तेल खवट होतं. भाजायच्या दिवशीच घाला. दुकानातली लाल 'चेरी' बहुतेक वेळा पाकातलं करवंद असते आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. दोन्ही चालतात, पण पाक धुऊन. ताजं फळ मात्र अजिबात नको. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नाताळच्या सुमारास बाजारात असते म्हणून मोह होतो, पण ती २५ तारखेला केकवर ठेवायची, बरणीत नाही.

भाजायचं कधी? इंग्लंडमध्ये नाताळचं पुडिंग ढवळायचा जुना दिवस म्हणजे आगमनकाळ (ॲडव्हेंट, नाताळआधीचे साधारण चार आठवडे) सुरू होण्याआधीचा रविवार. तो दरवर्षी २० ते २६ नोव्हेंबरमध्ये येतो. केकलाही हाच सुमार योग्य आहे, चार-पाच आठवडे मुरायला मिळतात. २२५ ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम गडद तपकिरी साखर, ४ अंडी, एक चमचा दालचिनी-जायफळाची पूड. डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर लावा आणि १५० अंशांवर अडीच ते तीन तास भाजा. दीड तासानंतर वरून कागद झाका, नाहीतर वरचे बेदाणे जळून कडू होतात. घरी ओव्हन नसेल आणि दिवाळीत नानकटाईसाठी जसं पीठ बेकरीत देता तसा केक देणार असाल, तर भट्टीवाल्याला बजावून सांगा: नानकटाईचा घाणा उतरल्यावर, भट्टी निवल्यावरच डबा आत. तापलेल्या भट्टीत हा केक बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो.

पूर्ण गार झाल्यावर विणकामाच्या सुईनं भोकं पाडून एक मोठा चमचा रम घाला. मग आधी बटर पेपर, त्यावर फॉइल. फॉइल थेट लावली तर फळांच्या आंबटपणानं तिला बारीक छिद्रं पडतात. दर आठवड्याला एकच चमचा, आणि कापायच्या आधीच्या आठवड्यात काहीच नाही. जास्त पाजलेला केक तळाशी ओला राहतो आणि कापताना चुरा होतो. डबा परातीतल्या पाण्यात ठेवा, सांगलीच्या मुंग्यांना रमचं वावडं नाही.

ताज्या केकबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. २०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम लोणी, १२० ग्रॅम साखर, ३ अंडी, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, १५० ग्रॅम फळं. पाकासाठी वेगळी ८० ग्रॅम साखर कोऱ्या चहाच्या रंगावर आणा, गॅस बंद करा आणि ८० मिली गरम पाणी हात लांब ठेवून घाला, जोरात उडतं. पाक गार झाल्यावरच पिठात मिसळा. फळं चमचाभर मैद्यात घोळवा, नाहीतर ती तळाशी बसतात. १७० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. चार-पाच दिवसांत संपवा.

खरा घोळ होतो तो या दोन्हींच्या मध्ये. अनेक घरांत दारू आणत नाहीत, म्हणून फळं संत्र्याच्या रसात भिजवतात. इथवर ठीक. पण मग रमच्या केकचं वेळापत्रक तसंच्या तसं उचललं जातं: नोव्हेंबरात भिजवणं, महिनाभर ठेवणं. रसाला टिकवणारं काही नसतं. रसातली फळं फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. भाजल्यावर तो केक दिसायला कितीही जड असला तरी ताज्या केकच्या रांगेत धरा, २२-२३ डिसेंबरला भाजा आणि अधूनमधून रस पाजू नका, ते बुरशीलाच आमंत्रण आहे. दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलेल्या बिनअंड्याच्या केकलाही हाच नियम.

आणि १८ डिसेंबर उजाडला, बरणी भरलेलीच नाही, असं झालं तर? धुऊन वाळवलेल्या ७५० ग्रॅम फळांवर १०० मिली संत्र्याचा रस घालून मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा. गॅस बंद केल्यावर, भांडं शेगडीवरून उतरवून १०० मिली रम घाला. पेटत्या गॅसवर रम ओतली तर भडका उडतो. झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी भाजा. मुरलेल्या केकची खोली त्याला येणार नाही, पण फळं रसरशीत राहतील. भाजल्यावर निदान दोन दिवस तरी सुरी लावू नका.