मॅच पिस्तुलाचे दोन लाख नेमके कशाचे?

इंदूरच्या वर्तमानपत्रांत 'पिस्तूल' हा शब्द एरवी गुन्हेगारीच्या बातम्यांत सापडतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तो काही दिवस खेळाच्या पानावर मोठ्या अक्षरांत झळकला. मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात एक कांस्य वैयक्तिक आणि एक सरबजोत सिंगबरोबर मिळवलं. रामबाग असो की राजेंद्रनगर, मुलांना रेंजवर घालणाऱ्या घरांत त्यानंतर हिशेब सुरू होतो तो पिस्तुलाचा. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर किंवा पार्डिनी या कंपन्यांचं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेलं, घ्यायचं तर युरोपात दीड-दोन हजार युरो, आणि इथे हातात पडेपर्यंत दोन लाखांच्या आसपास. एवढे पैसे कशाचे, हे कळायला पिस्तुलाच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं. कारण आज जी किंमत मोजतो, तिच्यातला नळीचा वाटा सगळ्यात कमी आहे.

आधी लक्ष्याचं गणित. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं. पेलेट, म्हणजे छर्रा, ४.५ मि.मी.चा आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण, म्हणजे पेलेटचं केंद्र मधल्या बिंदूपासून ८ मि.मी.च्या आत पडलं की दहा. कुठल्याही नावाजलेल्या मॅच पिस्तुलाबरोबर कारखान्याचा चाचणी-कागद येतो आणि त्यावर पाच पेलेट एकाच भोकात गेलेले असतात. नळीचा प्रश्न तिथेच मिटला. आता हात पाहा. पूर्ण पिस्तूल जसंच्या तसं ५ मि.मी. बाजूला डोललं तर पेलेटही ५ मि.मी.च सरकतो, दहा शाबूत. पण पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या साइटच्या खाचेत मधोमध न राहता ०.१ मि.मी. सरकली, तर दोन साइटमधलं अंतर ३३ सें.मी. धरून दहा मीटरवर पेलेट ३ मि.मी. हलतो. ०.३ मि.मी. सरकली की ९ मि.मी., म्हणजे नऊ. ट्रिगर ओढताना मनगटाला बसणारा बारीकसा हिसका एवढं सहज करतो. गेल्या साठ वर्षांत पिस्तुलावर जे जे काम झालं, ते बहुतेक या हिसक्याच्या मागे लागून झालं.

'कस्टम' हा शब्द मात्र दुसऱ्याच घराण्यातून आला. अमेरिकी लष्कराचं १९११ सालचं .४५ पिस्तूल चिखलातही चालावं म्हणून मुद्दाम सैल बनवलेलं होतं. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) यांमध्ये फट, नळीच्या तोंडाशी तिला धरणाऱ्या कडीत, म्हणजे बुशिंगमध्ये, फट. पन्नास यार्डांच्या बुल्सआय या अचूक नेमाच्या स्पर्धेत ही सैलता नडायची. मग कारागीर रेल ठोकून घट्ट करत, मोठं बुशिंग आणून नळीबरहुकूम कानस मारत, नळी दर शॉटला त्याच जागी येऊन बसेल अशी जोडत. ते खरोखरच तासन्‌तासांचं हातकाम होतं आणि त्याचा परिणाम कागदावर दिसत असे. पुढे १९७६ साली मिझुरीतल्या कोलंबियात वेगाने नेम साधण्याच्या स्पर्धांची इप्सिक संघटना स्थापन झाली. या वेगाच्या स्पर्धांनी कॉम्पेन्सेटर (नळीची उसळी दाबणारा भाग) आणि रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) असलेली 'रेस गन' घडवली. जिथे कारखान्याचं पिस्तूल मुळातच सैल असतं, तिथे कस्टम कामाला पैसे मोजण्यात अर्थ होता. आपल्याकडची ऑलिंपिक पिस्तुलं पहिल्या दिवसापासून घट्ट जुळलेली येतात. त्यामुळे अमेरिकी लेख वाचून 'कस्टम घ्यावं का?' असं विचारणाऱ्याचा प्रश्नच निम्मा चुकलेला असतो.

युरोपातला धागा पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलाचा. ट्रिगर ओढायला लागणाऱ्या वजनाला किमान मर्यादा नाही, नळीच्या लांबीला बंधन नाही, एका वेळी एकच गोळी, आणि लाकडी ग्रिप हाताला मोज्यासारखी लपेटलेली. हाताच्या मापाची ग्रिप इथेच मोठी झाली. रशियातल्या तुला शहरातल्या कारखान्याचं टोझ-३५ हे सोव्हिएत फ्री पिस्तूल त्या काळाचा मापदंड होतं. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अलेक्सांदर मेलेंतिएव्हने ६००पैकी ५८१ मारले, आणि तो विक्रम मोडायला २०१४ साल उजाडलं. ग्रॅनाडाच्या विश्वस्पर्धेत कोरियाच्या जिन जोंग-ओने ५८३ केले. त्याच स्पर्धेत रौप्य मिळालं आपल्या जितू रायला. तो आपल्या शेजारच्या महूचा, म्हणजे तिथल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेला. चौतीस वर्षांत धातूकाम, मशीनिंग, इलेक्ट्रॉनिक्स सगळं बदललं आणि गुण वाढले दोन.

महूचंच दुसरं नाव विजय कुमार, २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायरचं रौप्य. या प्रकाराचा इतिहास महागडं पिस्तूल घेणाऱ्याने जरूर वाचावा. २००४पर्यंत रॅपिड फायरला .२२ शॉर्ट काडतूस चालायचं. धक्का जवळजवळ नाही, ट्रिगर हलका, पिस्तूल फक्त याच कामासाठी बनवलेलं. २००५पासून नियम बदलला: .२२ लाँग रायफल काडतूस आणि किमान १००० ग्रॅमचा ट्रिगर. जगभरातली ती सगळी खास पिस्तुलं एका रात्रीत शोभेची झाली. फ्री पिस्तुलाचंही तेच झालं. रिओ २०१६नंतर पन्नास मीटर पिस्तूल ऑलिंपिकमधून गेलं आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या ग्रिपा कपाटात गेल्या. पिस्तूल जितकं एकाच प्रकाराला वाहिलेलं, तितका हा धोका मोठा.

आता दहा मीटरकडे. विश्वस्पर्धेत एअर पिस्तूल १९७०पासून, ऑलिंपिकमध्ये १९८८च्या सोलपासून. साठच्या दशकात फाइनवेर्कबाऊ ६५ आलं तेव्हा ते स्प्रिंगवर चालायचं. जड पिस्टन पुढे झेपावताना पिस्तूल हलणार, म्हणून सगळी यंत्रणाच रुळांवर मागे सरकेल अशी केली होती. धक्का गेला, पण पिस्टनच्या प्रवासाला वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात हात हलायचा. त्यानंतर एका दट्ट्यात हवा भरणारी पिस्तुलं आली. पिस्टन गेला, हलणारं वजन गेलं. पण प्रत्येक शॉटआधी लांब तरफ ओढायची; रशियन इझ-४६एम हे त्यातलं स्वस्त आणि अचूकतेत कुणाला न हरणारं उदाहरण. सरावाचे शॉट धरून ऐंशीएक वेळा ती तरफ ओढल्यावर खांद्याची काय गत होते, ते शेवटच्या दहा शॉटांत दिसतं.

ऐंशीच्या दशकात कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आले. तरफ हलकी झाली, धक्का कमी झाला, पण हा वायू तापमानाचा गुलाम. २० अंशांना त्याचा दाब साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२च्या आसपास, आणि ३१ अंशांपुढे सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. जर्मनीच्या बंद हॉलमध्ये हे खपून जातं. इंदूरच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांत पत्र्याच्या छपराखाली, सकाळच्या आणि दुपारच्या शॉटांचा गट एका उंचीवर पडत नाही. नव्वदच्या दशकात २०० बारची दाबलेली हवा आणि दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर आला आणि हे दुखणं संपलं. सोबत आला ॲब्सॉर्बर: पेलेट पुढे निघताना आत एक लहान वजन मागे जातं आणि उरलासुरला धक्का खाऊन टाकतं. दोन लाखांतला मोठा हिस्सा या रेग्युलेटरचा, ॲब्सॉर्बरचा आणि ट्रिगरचा.

हवेचं पिस्तूल घेतलं की हवेची निगाही आली. हातपंपाने भरताना पावसाळ्यातली ओल सिलिंडरमध्ये जाते, आत गंज धरतो आणि रेग्युलेटरच्या सील खराब होतात. पंपाला ओल शोषणारा फिल्टर हवाच. घाईने भरलं तर सिलिंडर तापतं, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. म्हणून हळू भरावं. आट्यांना साधं मशीनचं तेल कधीही लावू नये, दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे.

ट्रिगरचा नियम किमान ५०० ग्रॅमचा. पिस्तूल उभं धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात; उचललं गेलं तर पास. पहिल्या टप्प्यावर साधारण ४००, दुसऱ्यावर ११० अशी मांडणी केली की दुसरा टप्पा बोटाला काच मोडल्यासारखा लागतो. स्क्रू अगदी ५००वर आणून ठेवणारे हमखास अडकतात. धूळ, झीज, एखादा सैल स्क्रू, एवढ्यात ४९८ होतं. स्पर्धेनंतरही अचानक तपासणी असते आणि तिथे नापास झालं तर निकाल रद्द. ५१० ठेवलं तर बोटाला फरक कळत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला यांत्रिक घर्षण नाही, ओढ रोज तीच, आणि हवा न वापरता ड्राय फायर, म्हणजे पेलेट न सोडता ट्रिगरचा सराव, हवं तितकं करता येतं. शिकणाऱ्याला हा फायदा मोठा आहे. पण महाग पिस्तूल बंद पडत नाही, असं नाही. २५ जुलै २०२१ला टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाने सोळा शॉटांनंतर दगा दिला. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली, उरलेले चव्वेचाळीस शॉट घाईत मारावे लागले आणि ५७५वर दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. त्यामुळे किंमत विचारताना सुटे भाग कुठे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतं, हेही त्याच दमात विचारावं.

पॅरिसमध्येच तुर्कीच्या युसुफ दिकेचची छायाचित्रं जगभर फिरली: साधा चष्मा, एक हात खिशात, मिश्र सांघिकचं रौप्य. 'बघा, साहित्य लागत नाही' असा अर्थ अनेकांनी काढला. त्याने डोळा झाकणाऱ्या पट्ट्या आणि खास भिंगं सोडली होती. हातातलं पिस्तूल मॅचचंच होतं.

खरं कस्टम काम आपल्याला परवडतं ते ग्रिपचं. डोळे मिटून हात लक्ष्याच्या उंचीवर न्यायचा, डोळे उघडायचे. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप बरोबर. दर वेळी एकाच बाजूला गेलेली दिसली तर ग्रिप हाताला वळवतेय. तळहाताच्या मधल्या खळग्यात वुड पुटी भरायची, जिथे टोचतं तिथे सँडपेपरने अर्धा मि.मी. काढायचं, आणि तीन-चार दिवस शॉट मारून मगच पुढचा हात फिरवायचा. एका बैठकीत सगळी घासली की परत लावणं आलं. पाम शेल्फ, म्हणजे तळहाताच्या कडेखालचा आधार, घट्ट आवळू नये; उन्हाळ्यात हात सुजतो, मि.मी.-दोन मि.मी. मोकळं राहू द्यावं. शेल्फचा कोन ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी नको आणि ग्रिपने मनगट झाकलेलं चालत नाही, हे नियमात आहे. वाढत्या वयाच्या मुलाला कारखान्याची तयार ग्रिपच बरी, कारण दीड वर्षात पंजा बदलतो.

मग घ्यावं का? साठ शॉटांत ५४० येईपर्यंत, म्हणजे सरासरी नऊ, क्लबचं पिस्तूल आणि पुटीचा एक डबा पुरेसा. गुण तिथे हातातूनच गळतात. ५५० सातत्याने येऊ लागले की स्वतःचं, नवं, कारखान्याचं साधं मॉडेल घ्यावं, कारण आता रोज तीच ग्रिप आणि तोच ट्रिगर लागतो. मनूचा पॅरिसच्या पात्रता फेरीतला गुणांक ५८० होता, म्हणजे सरासरी ९.६७, तिथेही यंत्र तेच, जे कोणालाही विकत मिळतं. रंगीत, मर्यादित आवृत्तीची जास्तीची किंमत हौसेत धरावी.

कायद्याची अडचण एअर पिस्तुलाला फारशी नाही. ४.५ मि.मी. बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला दीडशे मीटरने गेला तरी ऊर्जा सहा जूलच्या आत. .२२ काडतुसाच्या पिस्तुलाला मात्र परवाना हवाच.

जुनं घेणार असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. बहुतेक सिलिंडरांची मुदत दहा वर्षांची असते, तारीख उलटलेलं सिलिंडर तपासणीत अडवतात आणि ते भरणं धोक्याचंही आहे. त्यानंतर ग्रिप कुठल्या हाताची आणि कुठल्या मापाची ते पाहा. दुसऱ्याच्या पंज्याला घासलेली ग्रिप आपल्या कामाची नसते. सौदा करताना नव्या सिलिंडरचे आणि नव्या ग्रिपचे पैसे त्या किमतीत मिळवूनच तुलना करा.