रिपोर्टातला शब्द शेवटाकडून वाचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'कोलेलिथियासिस' असं छापून आलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. शब्द जितका लांब तितका आजार मोठा, असा आपला एक समज असतो. खरं तर हा शब्द एवढंच सांगतो की पित्ताशयात खडे आहेत. कोले म्हणजे पित्त, लिथ म्हणजे दगड आणि आयासिस म्हणजे तशी अवस्था. पित्त साठवणारी ती पिशवी सुजली तर कोलेसिस्टायटिस, शस्त्रक्रियेने काढली तर कोलेसिस्टेक्टॉमी. यातला 'सिस्ट' म्हणजे पिशवी. अख्खे शब्द पाठ करत बसण्यात अर्थ नाही, त्यांचे तुकडे ओळखता आले पाहिजेत.

बहुतेक लांब वैद्यकीय शब्दांची बांधणी ठरलेली असते. गाभ्यात अवयवाचं नाव, शेवटी काय झालं किंवा काय केलं हे सांगणारा प्रत्यय आणि कधी कधी सुरुवातीला उपसर्ग. वाचायला सुरुवात मात्र शेवटापासून करायची, कारण शब्द आजाराचा आहे, तपासणीचा आहे की शस्त्रक्रियेचा, हे शेपटावरूनच कळतं. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, गॅस्ट्रोस्कोपी म्हणजे दुर्बीण घालून जठराची तपासणी आणि गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे जठर किंवा त्याचा काही भाग काढणं. मध्ये डोकावणारा 'ओ' फक्त सांधा जोडतो. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो. म्हणून यकृत वाढलं की हिपॅटोमेगॅली, पण यकृताला दाह झाला की हिपॅटायटिस.

'आयटिस'बद्दल दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत. पहिला, आयटिस म्हणजे जंतुसंसर्गच. तसं नाही. आयटिस म्हणजे दाह, आणि तो जंतूंमुळे होतो तसाच दारूमुळे, औषधांमुळे किंवा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळेही होतो. लालपणा, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली होती. दुसरा, हिपॅटायटिस म्हणजे कावीळ. डोळे पिवळे न होताही हिपॅटायटिस असू शकतो, आणि पित्तनलिकेत खडा अडकून झालेल्या काविळीत मूळ बिघाड यकृताचा नसतो.

शस्त्रक्रियेचे तीन प्रत्यय कानाला जवळजवळ सारखेच लागतात, पण अर्थ फार वेगळे. टॉमी म्हणजे छेद घेणं. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. ऑस्टॉमी म्हणजे नवं तोंड तयार करणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात, तर कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटाच्या भिंतीवर आणून शौचासाठी बाहेर पिशवी लावतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी यातलं नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्यावं. एकाच रुग्णात दोन्ही करावं लागतं असंही होतं.

'ओमा' दिसलं की लोक थेट कॅन्सरवर जातात. ओमा म्हणजे बहुतेक वेळा गाठ, पण चरबीची गाठ म्हणजे लायपोमा निरुपद्रवी असते. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. ग्लॉकोमा तर गाठच नाही, तो डोळ्याच्या नसेचा आजार आहे. उलट कार्सिनोमा, सार्कोमा, लिम्फोमा आणि मेलॅनोमा हे कॅन्सर आहेत. इथे नियम कामाला येत नाही, ही नावं लक्षातच ठेवावी लागतात.

लघवीचं कुटुंब मात्र सरळ आहे. 'युरिया' हा प्रत्यय धरला की हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, प्रोटीन्युरिया म्हणजे प्रथिनं, डिस्युरिया म्हणजे लघवी करताना त्रास. मोठ्या माणसाची लघवी दिवसाला तीन लिटरच्या वर गेली तर पॉलियुरिया, ४०० मिलीच्या खाली आली तर ऑलिगुरिया, १०० मिलीच्याही खाली गेली तर अन्युरिया. तपासणीच्या कागदावरचं युरिया हे रसायन मात्र यात धरू नका, तो वेगळा शब्द आहे.

उपसर्गांच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी आघाडीच मिळते. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे अन्युरियातला 'अन्' हा आपल्या 'अनावश्यक'मधला, डिस्युरियातला 'डिस्' आपल्या 'दुस्'चा भाऊ आणि हृदयाभोवतालच्या आवरणाच्या दाहाला म्हणतात त्या पेरिकार्डायटिसमधला 'पेरि' म्हणजे आपला 'परि'. हाडाचा ऑस्टिओ आणि आपली अस्थी यांचंही नातं उघड आहे. हायपो आणि हायपर यांचं मूळ 'उप' आणि 'उपरि' यांच्याशी जुळतं. खाली-वरची ही जोडी मात्र घातक ठरू शकते, कारण फोनवर दोन्ही सारखीच ऐकू येतात. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली तर हायपोग्लायसिमिया, तिथे लगेच साखर द्यायची. हायपरग्लायसिमियात नेमकी ती टाळायची. फोनवर 'शुगर उतरली' किंवा 'शुगर चढली' असं मराठीत सांगून पुढे आकडा सांगावा.

एकाच अवयवाला दोन नावं का, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. मूत्रपिंडाच्या दाहाला नेफ्रायटिस म्हणतात, पण त्याच्या धमनीला रीनल आर्टरी. साधारण असं आहे की आजारांची नावं ग्रीकमधून आली आणि शरीररचनेची लॅटिनमधून. तसंच फुप्फुसाचं न्यूमो आणि पल्मोनरी. शरीररचनेच्या नावांचा पसारा तर इतका वाढला होता की १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन अधिकृत यादी ठरवली.

काही जोड्या वेगळ्या काढूनच शिकाव्यात. युरेटर म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी, युरेथ्रा म्हणजे मूत्राशयातून बाहेर जाणारा मार्ग. खडा कुठल्या नळीत आहे यावर उपचार ठरतो. इलियम नावाचं कमरेचं हाड आहे आणि इलियम नावाचाच लहान आतड्याचा शेवटचा भाग. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही उरत नाही. मायो म्हणजे स्नायू. मायलो मात्र कधी अस्थिमज्जा, कधी मज्जारज्जू.

लांब शब्दांपेक्षा सोपे वाटणारे शब्द जास्त फसवतात. 'ॲक्यूट' म्हणजे गंभीर नव्हे, अचानक सुरू झालेलं. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. मूत्रपिंडाच्या आजाराला क्रॉनिक म्हणण्यासाठी बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकावा लागतो. 'अनरिमार्केबल' म्हणजे दोष दिसला नाही, ती चांगली बातमी. आणि 'रूल आउट टीबी' लिहिलं असेल तर टीबी झाला असं नव्हे. तो नाही ना, हे तपासायचं आहे.

चिठ्ठीवरची अक्षरं बहुतेक लॅटिनची लघुरूपं आहेत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते आणि मिलिग्रॅम त्याच्या हजारपट. इन्सुलिनच्या आकड्यापुढे घाईत लिहिलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसला तर १० चे १०० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहून मागावा.

राहिलं एसओएस. ही धोक्याची हाक नाही. गरज लागली तरच घ्या, असा त्याचा अर्थ. गरज कशाला म्हणायचं, दोन गोळ्यांत किमान किती तासांचं अंतर हवं आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे तीन अक्षरांत मावत नाही. चिठ्ठी हातात आल्या आल्या तिथेच डॉक्टरांना विचारून तिच्यावर लिहून घ्या.