बिरसीची धावपट्टी आणि बॉम्बर विमानांचा मुलूख

गोंदियाजवळ कामठा गावाच्या अलीकडे बिरसीची धावपट्टी आहे. आज तिथे वैमानिक तयार होतात. मूळ पट्टी मात्र इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली. चहूकडे धानाच्या बांध्या आणि समुद्र शेकडो कोस दूर. इतक्या आत विमानतळ कशाला, हा प्रश्न इथल्या माणसाला पडतोच.

त्याचं उत्तर ब्रह्मदेशात सापडतं. मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि हिंदुस्थान युद्धाच्या तोंडाशी आला. पुढच्या दोन वर्षांत देशभर दोनशेहून जास्त विमानतळ उभे राहिले. जड बॉम्बर विमानांचा मोठा जमाव झाला बंगालच्या मेदिनीपूर आणि शेजारच्या बांकुडा जिल्ह्यात: साळबनी, दिग्री, दुधकुंडी, पियारडोबा. हे सगळे तळ खरगपूरच्या आसपासचे. आणि खरगपूर म्हणजे आपल्याच बंगाल नागपूर रेल्वेचं मोठं जंक्शन. गोंदियाच्या फलाटावरून हावड्याकडे जाणारी गाडी आजही त्याच मुलखातून जाते.

दिग्रीला रॉयल एअर फोर्सची, म्हणजे ब्रिटिश वायुसेनेची, १५९ क्रमांकाची स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी) होती. तिच्याकडची लिबरेटर बॉम्बर विमानं चार इंजिनांची, एकशे दहा फूट पंखांची. एका विमानात आठ ते अकरा जण जात. वैमानिकांचीच नावं लक्षात राहतात, पण स्क्वॉड्रन चालायची ती जमिनीवरच्या शेकडो माणसांच्या जिवावर. तिचा खरा इतिहास तिथेच शोधावा, असं मला वाटतं.

दिवस उजाडायच्या आत सुरू होई. दुपारी विमानाचा पत्रा इतका तापे की उघडा हात लावला की भाजे. म्हणून इंजिनाची कामं पहाटे आणि संध्याकाळी. आपल्याकडे वैशाखात शेतकरी उन्हं चढायच्या आत बैल सोडतो, तीच रीत. मेकॅनिक इंजिनं उघडत, शस्त्रकारागीर बॉम्ब चढवत, टँकरमधून पेट्रोल भरलं जाई. दरम्यान वैमानिकांना नकाशासमोर बसवून लक्ष्य, वाट आणि हवामान समजावून सांगत. उड्डाण बहुधा संध्याकाळी, परतणं दुसऱ्या दिवशी. परतल्यावर चहा, आणि झोपेआधी चौकशी: काय दिसलं, कुठे गोळीबार झाला, बॉम्ब कुठे पडले.

राहणं बांबूच्या झोपड्यांत, चारपाईवर, मच्छरदाणीत. मलेरियासाठी मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागत. त्यांनी कातडी पिवळी पडे. धोबी, स्वयंपाकी, चहावाला सगळे आसपासच्या गावांतले. पावसाळा सगळ्यांत वाईट. काळ्या उभ्या ढगात शिरलेलं विमान हवेतच मोडू शके, आणि त्या ढगांची धास्ती जपानी तोफांपेक्षा कमी नव्हती.

१९४४मध्ये या स्क्वॉड्रनचे विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी इंजिनाचे फेरे आणि इंधनाचं मिश्रण नीट साधून तेवढ्याच पेट्रोलमध्ये विमान कितीतरी लांब नेता येतं, हे दाखवून दिलं. २७ ऑक्टोबर १९४४ला दिग्रीहून पंधरा लिबरेटर मलायातल्या पेनांग बंदरात सागरी सुरुंग पेरायला गेली. जाऊन-येऊन तीन हजार मैलांच्या वर, सलग अठरा तासांहून जास्त. त्या अठरा तासांची भिस्त पहाटे कंदिलाच्या उजेडात स्पार्क प्लग तपासणाऱ्या हातांवर होती.

याच पट्ट्यात अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानंही आली. त्यांचं मुख्यालय हिजलीच्या बंदिशाळेत होतं. तिथे १९३१मध्ये इंग्रजांच्या गोळीबारात दोन राजबंदी मारले गेले होते. १९५१मध्ये त्याच इमारतीत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं, ते? मेदिनीपूरही धानाचाच मुलूख. ऑक्टोबर १९४२मध्ये तिथे चक्रीवादळ आलं, आणि १९४३च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं मेली. तळावर टँकरने पेट्रोल येत होतं आणि शेजारच्या गावांत भाताची पेज मिळत नव्हती. गिट्टी आणि माती टोपल्यांनी डोक्यावरून वाहिली ती मजुरांनी, त्यांत बायाही होत्या. रोवणीच्या चिखलात पाय घातलेल्या माणसाने ही गोष्ट विसरू नये.

युद्ध संपल्यावर लिबरेटर कानपूरला मोडीत पडली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कंपनीच्या कारागिरांनी त्यांतली सुमारे चाळीस पुन्हा उडती केली. त्यांवरच २ नोव्हेंबर १९४८ला भारतीय वायुसेनेची ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली, आपली पहिली जड बॉम्बर तुकडी. शेवटची लिबरेटर १९६८मध्ये निवृत्त झाली. विमानं दुरुस्त आणि उडती ठेवणाऱ्या वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आज नागपूरच्या वायुसेनानगरात आहे.