प्रथम वर्ष गणित : नियम व अपेक्षा (वडोदरा)

बारावीनंतर पदवी अभ्यासक्रमात गणित विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापासून लागू होणारे प्रवेश, हजेरी, स्वाध्याय, अंतर्गत मूल्यमापन व परीक्षा यांविषयीचे नियम, तसेच नियमांत बहुधा न लिहिलेल्या पण उत्तरपत्रिका तपासताना गृहीत धरल्या जाणाऱ्या अपेक्षा, यांचा विचार या नोंदीत वडोदऱ्याच्या (बडोद्याच्या) संदर्भात केला आहे. नियमांची पुस्तिका पहिल्याच आठवड्यात हाती येते. अपेक्षा मात्र पहिली तपासलेली उत्तरपत्रिका परत मिळेपर्यंत कळत नाहीत. प्रथम वर्षातील पुष्कळसे अपयश या अंतरातून येते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

पूर्वपीठिका : बडोदा कॉलेजचे स्थापनावर्ष सामान्यतः १८८१ असे दिले जाते, इमारतीची पायाभरणी १८७९ मधील असल्याने काही ठिकाणी ते वर्षही आढळते. अध्यापनाचा आरंभ हा निकष मानल्यास १८८१ अधिक ग्राह्य ठरते. पायाभरणीच्या वेळी सयाजीराव गायकवाड (तिसरे) अल्पवयीन होते व कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे होता. तंजावरकडील मराठी घराण्यातील माधवरावांनी स्वतः तरुणपणी मद्रासला काही काळ गणित शिकवले होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्यात विलीन झाले. आज या विद्यापीठात विज्ञान शाखेत गणिताचा आणि तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत उपयोजित गणिताचा असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. अभियांत्रिकी शाखेचे मूळ १८९० च्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत आहे.

‘टर्म भरणे’ : हजेरीच्या नियमाला बडोद्यातील मराठी घरांत आजही ‘टर्म भरणे’ असे म्हटले जाते आणि ‘एटीकेटी’ या आद्याक्षरांतही तीच टर्म दडलेली आहे (‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे नापास विषय शिल्लक ठेवून पुढे जाण्याची सवलत). या नियमाचा उगम दोन प्रकारे सांगता येतो. पहिल्या उपपत्तीनुसार तो ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या निवासपद्धतीतून आला, कारण तेथे ‘टर्म राखणे’ म्हणजे ठराविक रात्री विद्यापीठाच्या गावी वास्तव्य करणे. दुसऱ्या उपपत्तीनुसार तो लंडन विद्यापीठाच्या आरंभीच्या पद्धतीतून आला, जिच्यात परीक्षेला बसण्यासाठी मान्यताप्राप्त कॉलेजात शिकल्याचा दाखला लागत असे. भारतातील शिक्षणधोरणाविषयीच्या १८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतीय विद्यापीठांसाठी लंडनचाच नमुना सांगितला होता आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून स्थापन झाली. त्यामुळे आशयाच्या दृष्टीने दुसरी उपपत्ती अधिक पटते. शब्द केंब्रिजकडचा आणि व्यवहार लंडनचा, असा मेळ येथे पडलेला दिसतो. विशेष म्हणजे १८५८ मध्ये लंडनने कॉलेजच्या दाखल्याची अट बहुतांशी काढून टाकली, पण भारतात ती टिकली आणि पुढे वाढत गेली. प्राचार्यांच्या दाखल्याची जागा कालांतराने टक्केवारीने घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या, २००३ च्या विनियमांनुसार परीक्षेस बसण्यासाठीची किमान हजेरी विद्यापीठाने ठरवावयाची होती व ती सामान्यतः ७५ टक्क्यांहून कमी नसावी, असे होते.

ही टक्केवारी कशाची, हा प्रश्न तांत्रिक असला तरी विद्यार्थ्यासाठी महत्त्वाचा आहे. चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) केवळ व्याख्यानांच्या विषयाला एका सत्रात ६० तास होतात (एक श्रेयांक म्हणजे १५ तास) व ७५ टक्क्यांची अट धरल्यास त्यांपैकी ४५ तासांची उपस्थिती पुरते. प्रात्यक्षिक किंवा ट्युटोरियल (स्वतः उदाहरणे सोडवण्याचा तास) जोडलेले असल्यास मात्र हिशेब बदलतो. समजा, एका विद्यार्थ्याने ६० पैकी ५१ व्याख्याने आणि १५ पैकी ६ ट्युटोरियल केली. एकत्र मोजल्यास ७५ पैकी ५७, म्हणजे ७६ टक्के, आणि टर्म भरते; वेगवेगळे मोजल्यास ट्युटोरियलची हजेरी केवळ ४० टक्के ठरते व टर्म भरत नाही. म्हणून हजेरी एकत्र धरतात की स्वतंत्र, हे पहिल्याच आठवड्यात विभागात विचारून घेणे श्रेयस्कर. गणितात ट्युटोरियल गौण मानण्याची सवय विशेष घातक आहे, कारण फळ्यावर सुटलेले उदाहरण समजणे आणि ते कोऱ्या पानावर स्वतः सोडवणे यांतील फरक त्या तासालाच उघड होतो.

पूर्वतयारी : गुजरातमध्ये अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत गणित घेणारे ‘ए ग्रुप’, जीवशास्त्र घेणारे ‘बी ग्रुप’ व दोन्ही घेणारे ‘एबी ग्रुप’ अशी विभागणी आहे. गणिताच्या पदवीसाठी ‘बी ग्रुप’ची तयारी अपुरी पडते.

सिद्धतेची अपेक्षा : शाळेत उत्तराला गुण मिळतात, महाविद्यालयात उत्तरापर्यंतच्या युक्तिवादाला. √(क्ष + २) = क्ष हे समीकरण घ्यावे. दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्ष² − क्ष − २ = ० मिळते व त्यावरून क्ष = २ किंवा क्ष = −१. नव्या विद्यार्थ्याच्या वहीत या तीन ओळी एकाखाली एक असतात, मध्ये एकही शब्द नसतो, आणि शेवटी दोन्ही किमतींभोवती चौकट असते. परंतु −१ घातल्यास डावी बाजू १ व उजवी बाजू −१ होते, म्हणजे ते मूळ समीकरणाचे उत्तरच नाही. चूक आकडेमोडीत नाही, दिशेत आहे : दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात, पण वर्ग समान असल्याने संख्या समान ठरत नाहीत. कोणती पायरी उलट चालता येते व कोणती येत नाही, हे लिहून दाखवणे हीच येथील अपेक्षा आहे. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘जर–तर’, ‘याउलट’ हे शब्द गणिताच्या उत्तरात शोभेसाठी येत नाहीत; चिन्हांइतकाच अर्थ ते वाहतात.

याच अपेक्षेचे कठीण रूप म्हणजे सीमेची (लिमिटची) एप्सिलॉन–डेल्टा व्याख्या. फलाची (फंक्शनची) किंमत सीमेच्या एप्सिलॉनहून कमी अंतरावर हवी असेल तर चल किती जवळ, म्हणजे डेल्टाच्या आत, ठेवावा हे ती सांगते. तिचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी एकमत नाही. गणितज्ञ बोल्झानोच्या १८१७ च्या व कोशीच्या १८२१ च्या लेखनात तिचा आशय आढळतो. कोशीची व्याख्या शब्दांत आहे, मात्र त्याच्या काही सिद्धतांत असमानतांचा वापर आजच्यासारखाच आहे. प्रचलित काटेकोर मांडणी वायरश्ट्रास यांच्या बर्लिनमधील व्याख्यानांतून रूढ झाली, असे मानणे सयुक्तिक होय. विद्यार्थ्याला अडचण येते ती तिच्यातील क्रमाची. ‘प्रत्येक कुलपाला किल्ली आहे’ आणि ‘एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते’ या वाक्यांत जो फरक आहे, तोच ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी डेल्टा असतो’ व ‘एकच डेल्टा सर्व एप्सिलॉनसाठी चालतो’ यांत आहे. ही व्याख्या शब्दशः पाठ असूनही क्रम उलटलेला पुष्कळ उत्तरपत्रिकांत आढळतो.

परिभाषा : वडोदऱ्यातील मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. विद्यापीठाचे अध्यापनमाध्यम इंग्रजी आहे, शालेय शिक्षण बहुधा गुजराती वा इंग्रजी माध्यमात झालेले असते आणि घरची भाषा मराठी. गुजरातीत फंक्शनला ‘विधेय’, लिमिटला ‘लक्ष’, सेटला ‘गण’, तर मराठीत अनुक्रमे ‘फल’, ‘सीमा’, ‘संच’ म्हणतात. गुजरातीतील ‘विकलन’ व ‘संकलन’ या जोडीसाठी मराठी संदर्भग्रंथांत ‘अवकलन’ व ‘समाकलन’ आढळतात. डिटर्मिनंटला मराठीतच ‘निश्चयक’ व ‘निर्धारक’ असे दोन शब्द आहेत. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा अष्टभाषी कोश प्रसिद्ध केला. गणिताच्या वर्गाला तसे साधन लाभले असते तर मोठी सोय झाली असती. उत्तर इंग्रजीत लिहावयाचे असले तरी व्याख्या आधी आपल्या भाषेत स्वतःला सांगून पाहावी, असा नोंदकाराचा आग्रह आहे. ज्या व्याख्येतील ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ हे शब्द मराठीत चुकतात, ते इंग्रजीतही चुकतातच.

मूल्यमापन : प्रत्येक विषयात एकतृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखावेत, अशी शिफारस विद्यापीठीय शिक्षणाविषयीच्या राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) केली होती. ‘इंटरनल’ व ‘एक्सटर्नल’ गुणांचे प्रमाण सर्वत्र एक नाही व वेळोवेळी बदलते. चालू वर्षाचे परिपत्रक हेच प्रमाण मानावे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गुजरातमध्ये २०२३ पासून लागू झालेल्या चौकटीत वर्षाला ४४ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीस १३२ व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १७६ असे प्रमाण आहे.

स्वाध्याय मित्रांबरोबर चर्चा करून सोडवण्यास सहसा हरकत नसते, उतरवून घेण्यास असते. चर्चेनंतर वही मिटून, कोऱ्या कागदावर सिद्धता पुन्हा लिहिता आली तर ती आपली झाली, असा साधा निकष लावता येतो. नापास विषय शिल्लक ठेवून पुढच्या सत्रात जाण्याची सवलत, म्हणजे एटीकेटी, गणितात जपून घ्यावी लागते, कारण दुसऱ्या सत्रातील विषय पहिल्या सत्रातील व्याख्या माहीत आहेत असे धरूनच सुरू होतो.