लग्नातलं उरलेलं अन्न गरजूंपर्यंत न्यायचंय? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

तिथी दाट असली की मराठवाड्यात एकेका घरात एकाच दिवसाच्या पाच-पाच पत्रिका येऊन पडतात. घरातली माणसं वाटून घेतात, कोणी जालन्याला जातं, कोणी परभणीला, कोणी गावातल्याच लग्नात अक्षता टाकून येतं. यजमानाने आठशे पानांचा अंदाज धरलेला असतो, जेवून जातात साडेपाचशे. दुपारी तीन वाजता मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेलात तर भाताची डेग अर्धी भरलेली दिसते, बुंदीची परात तशीच आणि वरणाचं पातेलं झाकलेलं. त्याच वेळी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात बीड, हिंगोली, जालन्याकडून पेशंटबरोबर आलेले नातेवाईक झाडाखाली बसून असतात. बरोबर आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी संपतात, पेशंट मात्र दहा दिवस आत असतो.

हे अन्न तिथून इथे आणावं असं अनेकांना मनापासून वाटतं. आमचा सात-आठ जणांचा गट काही वर्षं हेच करतोय आणि दर लग्नसराईत नव्या मुलांचे फोन येतात, 'सुरू करायचंय, परवानगी कुठून काढायची?' त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

उरलेलं, उष्टं आणि शिळं

अर्जाकडे वळण्याआधी हे तीन शब्द वेगळे करून घ्या, कारण कायदाही नेमका इथेच वेगळेपणा करतो. उरलेलं म्हणजे भांड्यातून पानात न गेलेलं, खाण्यास सुरक्षित अन्न. उष्टं म्हणजे पानातलं. शिळं म्हणजे वेळ उलटून गेलेलं. दान करता येतं ते फक्त पहिलं. बुफेच्या टेबलावर दोन तास उघडं राहिलेलं, शंभर हात फिरलेलं अन्न आम्ही उरलेल्यात धरत नाही. आचाऱ्याकडे मागे झाकून ठेवलेलं तेवढंच घेतो.

यासाठी देशात स्वतंत्र नियम आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अतिरिक्त अन्नाचं संकलन आणि वाटप यांचे विनियम २०१९ मध्ये अधिसूचित केले आणि १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. त्यात देणारा आणि वाटणारा अशा दोघांच्या जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. त्यांची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत.

'आम्ही तर फुकट वाटतो, आम्हाला कशाला परवाना?' हा प्रश्न हमखास येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधली अन्न व्यवसायाची व्याख्या वाचा. नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, अन्न हाताळणारा प्रत्येक उपक्रम तिच्यात येतो. २०११ च्या परवाना नियमांत तर छोट्या अन्न व्यावसायिकांच्या व्याख्येतच धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे भंडारा करणारेही त्यात आले आणि आपणही.

पात्रता: कोण अर्ज करू शकतं?

नोंदणी एका व्यक्तीच्या नावावरही होते आणि संस्थेच्या नावावरही. दोन मित्र आणि एक टेम्पो एवढ्यावर सुरुवात करत असाल तर व्यक्तीच्या नावावर करा आणि कामाला लागा. पण वर्षभर टिकायचं असेल तर संस्था नोंदवा असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्याचं कँटीन, मोठं हॉटेल किंवा कॉलेजचं वसतिगृह एखाद्या माणसाच्या हाती अन्न द्यायला कचरतं. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र गेलं की तेच लोक दारापर्यंत डबे आणून देतात.

संस्थेसाठी निदान सात सदस्य लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली अर्ज होतो आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद करावी लागते. दोन्हींसाठी धर्मादाय आयुक्तांचं जिल्ह्यातलं कार्यालय गाठायचं. विधानपत्र, नियमावली, सदस्यांच्या सह्या आणि ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेचा पुरावा, जागामालकाचं नाहरकत आणि प्रतिज्ञापत्र एवढं तयार ठेवा. उद्देशांच्या कलमात 'अतिरिक्त अन्नाचे संकलन व मोफत वाटप' हे शब्द स्पष्ट लिहा. आम्ही 'समाजसेवा' असं मोघम लिहिलं होतं. पुढे एका कंपनीने त्यावरच बोट ठेवलं आणि संस्थेच्या घटनादुरुस्तीत आमचे काही महिने गेले. पॅन आणि बँक खातं संस्थेच्या नावावर काढा, मग नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद करता येते.

अन्न देणाऱ्यांकडून आयकराची विचारणा होते. त्यांना खरं तेच सांगा. आयकर कायद्यातल्या ८०जी कलमाची वजावट पैशाच्या रूपातल्या देणगीलाच मिळते, वस्तू किंवा अन्न दिल्याबद्दल मिळत नाही.

एफएसएसएआयची नोंदणी

अर्ज ऑनलाइन, फॉसकॉस या पोर्टलवर करायचा असतो. २०११ च्या मूळ नियमांत वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी, म्हणजे फॉर्म ए, असं होतं. त्याच्यावर राज्य परवाना, फॉर्म बी. आपल्यासारख्या गटांना बहुतेक वेळा नोंदणी पुरते. मूळ नियमांत तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. रक्कम भरण्याआधी पोर्टलवर त्या दिवशी दिसणारं शुल्क, मर्यादा आणि मुदत बघून घ्या.

कागदपत्रं फार नाहीत. अर्जदाराचा पासपोर्ट आकाराचा फोटो, आधार किंवा मतदार ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरचा पत्ता कामाच्या जागेहून वेगळा असेल तर जागेचा पुरावा. लाईट बिल किंवा भाडेकरार चालतो. संस्थेसाठी नोंदणी प्रमाणपत्र आणि अर्ज करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव जोडा. ग्रामपंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं नाहरकत असेल तर तेही लावा. अर्ज अडकतो तो बहुधा पत्त्यावर. आमच्या लाईट बिलावर जागामालकाच्या वडिलांचं नाव होतं, ते वारलेले. अर्ज परत आला. शेवटी मालकाच्या सहीचं संमतीपत्र आणि कर पावती जोडली तेव्हा काम झालं. तुम्ही हे दोन्ही कागद आधीच लावा.

व्यवसायाचा प्रकार निवडताना जे खरोखर करता तेच निवडा. फक्त आणून वाटत असाल तर वाहतूक आणि वितरण. स्वतःच्या जागेत खिचडी शिजवणार असाल तर तेही दाखवावं लागतं.

अर्ज गेल्यापासून सात दिवसांत नोंदणी मिळणं, नाकारली जाणं किंवा तपासणीचा निर्णय होणं अपेक्षित आहे. तपासणी ठरली तर तीस दिवस धरा. तपासणीला घाबरू नका. भांडी कुठे धुता, पाणी कुठून येतं, डब्यांना घट्ट झाकणं आहेत का, हे ते बघतात आणि ते आपणही बघायलाच हवं. मिळालेला क्रमांक १४ अंकी असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. कॅटररकडूनही त्याचा क्रमांक मागून घ्या. यजमान अन्न देतोय असं दिसत असलं तरी ते शिजवलेलं असतं कॅटररने.

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, हा नियम स्वयंसेवकांनाही लावा. प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये राहू द्या. गटातल्या निदान एकाने फॉस्टॅक हे एफएसएसएआयचं अन्नसुरक्षा प्रशिक्षण घेतलेलं असावं.

डब्यावरची चिठ्ठी

सगळ्या कागदांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा चार ओळींचा कागद. नियमांप्रमाणे दानाचं अन्न बाकी अन्नापासून वेगळं ठेवायचं, स्वच्छ डब्यात भरायचं आणि त्यावर ते दानासाठी असल्याची खूण करायची. शिजवलेल्या अन्नाच्या चिठ्ठीवर पदार्थाचं नाव, कुठून आलं, कधी शिजवलं, कधीपर्यंत खायचं आणि शाकाहारी की मांसाहारी हे हवं. नियम शिजवल्याची तारीख मागतो, आम्ही वेळही लिहितो.

वेळ लिहायला आम्ही एका मे महिन्यात शिकलो. बाहेर ४२ अंश होतं. चार वाजता डेग उचलली, मधला भात वाफाळत होता, वासही चांगला. रुग्णालयाच्या दारात वाढायला घेतला तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी कडेचा भात बोटांनी चोळून पाहिला. चिकट लागला, तार सुटत होती. त्यांनी सगळी डेग थांबवली. नंतर आचाऱ्याला विचारलं तर भात सकाळी साडेनऊला उतरवलेला. समोर साठ-सत्तर माणसं ताटं घेऊन उभी होती आणि आम्ही त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं. त्यांची माफी मागितली. पण वाढलं नाही हेच बरोबर होतं.

भाताचं असं का होतं ते समजून घ्या. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून 'एक उकळी काढू, चालेल' हे भाताच्या बाबतीत खरं नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि मधल्या तापमानात शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त नाही, हा हिशेब धरा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर विकत घ्या. डेगीत तो मधोमध न लावता कडेला लावा. उन्हाळ्यात मठ्ठा, दही, खव्याची मिठाई आम्ही घेतच नाही. कोरडी बुंदी, पुऱ्या, चपात्या बिनधास्त घेतो. वर्तमानपत्रात काहीही बांधायचं नाही. त्याच्या शाईबद्दल एफएसएसएआयने वेळोवेळी बजावलेलं आहे.

बिघडलेलं अन्न गुरांपुढे ओतू नका. भात-पुऱ्या एकदम पोटात गेल्या की जनावराला आम्लबाधा होते, गाय दगावू शकते. खताच्या खड्ड्यात घाला किंवा बायोगॅसला द्या.

रोजची नोंदवही

तारीख, देणाऱ्याचं नाव व संपर्क, पदार्थ, अंदाजे किलो, शिजवल्याची वेळ, उचलल्याची वेळ, तापमान, कुठे वाटलं, किती जणांना, संपल्याची वेळ. एवढे रकाने एका साध्या रजिस्टरमध्ये आखा. देणाऱ्याची आणि आपली सही. शिवाय प्रत्येक पदार्थाची एक वाटी दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवतो. कुणाला त्रास झालाच तर काय खाल्लं ते दाखवता आलं पाहिजे. चांगल्या हेतूने वाटलं म्हणून कायदा वेगळी सूट देत नाही, दूषित अन्नाने इजा झाली तर भरपाईची तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. नेहमीच्या देणाऱ्यांशी एक पानी करार करून ठेवा, त्यात कुणाची जबाबदारी कुठे संपते ते लिहा.

वाटप कुठे आणि कोणाला

जेवणाऱ्याकडून कोणताही कागद मागायचा नाही. आधार नाही, फोटो नाही. आमच्याकडे देणाऱ्यांचे फोटो निघतात, घेणाऱ्यांचे निघत नाहीत.

सरकारी रुग्णालयाच्या आवारात वाटायचं तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवून परवानगी घ्या. वॉर्डात जाऊ नका, पेशंटचं पथ्य असतं, वाटप नातेवाईकांना. वीटभट्टीवर, भटक्यांच्या पालावर, ऊसतोड मजुरांच्या कोपीवर जाताना आधी तिथल्या एखाद्या ताईशी बोलून वेळ ठरवा. टेम्पो अचानक उभा राहिला की लेकरं रस्त्यावर धावतात. २०१५ च्या डिसेंबरात औरंगाबादच्या बायजीपुरा भागात रोटी बँक सुरू झाली, तिथे माणूस सन्मानाने येऊन पोळी-भाजी घेऊन जातो. ती रीत आम्हाला फार पटली आणि आम्हीही शक्य तिथे एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी वाटतो.

आणखी एक काम याला जोडून करा. तेच चेहरे रोज रांगेत दिसू लागले तर रेशनबद्दल विचारा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ खाली अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे, जानेवारी २०२३ पासून मोफत. ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या बीडच्या कुटुंबाला 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे तिथल्या दुकानातही ते उचलता येतं, पण आधार जोडणी आणि अंगठ्याची नोंद पूर्ण हवी. ती नसेल तर गावी असतानाच, दिवाळीच्या आधी, दुकानात नेऊन करून घ्या. दुकानदाराने धान्य नाकारलं तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. फोन लावताना कार्ड हाताशी ठेवा, कारण त्यावरचा क्रमांक विचारतात.