फीडची क्रमवारी आणि मतपेटी

अमेरिकेत २ नोव्हेंबर २०१० रोजी संसदेच्या निवडणुका होत्या. त्या दिवशी फेसबुक उघडणाऱ्या सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढांवर त्यांच्या नकळत एक प्रयोग झाला. बहुतेकांना मतदानाची आठवण, मतदान केंद्र शोधायची लिंक आणि ‘मी मत दिलं’ असं बटण दिसलं. सोबत ते बटण आधीच दाबलेल्या मित्रांपैकी काहींचे चेहरे, जास्तीत जास्त सहा. सुमारे सहा लाख लोकांना हेच दिसलं, पण चेहऱ्यांविना. आणखी तितक्याच लोकांना काहीच दाखवलं नाही.

नंतर संशोधकांनी सरकारी मतदार नोंदींशी ताळा केला. बिनचेहऱ्याच्या संदेशाचा मतदानावर काहीच परिणाम नव्हता. चेहरे पाहिलेल्यांत मात्र मतदान ०.३९ टक्क्यांनी वाढलं होतं. फरक चिमूटभर, पण गुणाकार कोटींशी! २०१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाचा अंदाज असा : थेट ६० हजार आणि मित्रांच्या प्रभावातून २ लाख ८० हजार जादा मतं.

मतदान वाढलं, मग बिघडलं काय? समजा, तेच चेहरे फक्त एका विचाराच्या लोकांना दाखवले असते तर? तसं झालं नाही. पण झालं असतं तरी बाहेरच्या कुणाला पत्ता लागला नसता. कारण कुणाच्या फीडमध्ये, म्हणजे समाजमाध्यम उघडताच दिसणाऱ्या पोस्टच्या यादीत, काय आणि कुठल्या क्रमानं दिसेल हे कंपनीच आतल्या आत ठरवते.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं मार्च २००९ मध्ये वेगळ्या संदर्भात याच दुखण्यावर बोट ठेवलं. २००५ च्या निवडणुकीतली मतदान यंत्रं त्यानं घटनाबाह्य ठरवली. घोळाचा पुरावा नव्हता, म्हणून निवडणूक रद्द झाली नाही. आक्षेप इतकाच, की मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. ही कसोटी फीडला लावली तर एकही मोठं व्यासपीठ पास होणार नाही, असं मला वाटतं.

चर्चा मात्र संगणकानं घडवलेल्या बनावट आवाजांचीच जास्त. स्लोव्हाकियात २०२३ च्या मतदानाच्या तोंडावर, ऐन प्रचारबंदीत, एका पक्षनेत्याचं खोटं संभाषण पसरलं. धोका खराच, पण खोटं निदान उघडं तरी पाडता येतं. फीडमधल्या क्रमवारीचं काय उघडं पाडणार? तिच्यात खोटं काही नसतंच.

व्यासपीठाची रचना बदलली की लोकांचं वागणंही बदलतं. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांवरची चर्चा ‘पोल.इस’ या प्रणालीवर झाली. तिथं छोटं विधान लिहायचं, इतरांच्या विधानांना सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ म्हणायचं. उत्तर द्यायची सोयच नाही. भांडणं लावून मजा बघणाऱ्यांची पंचाईतच! कोण कशाला हो म्हणतं यावरून संगणक लोकांचे गट पाडतो आणि एरवी न जुळणाऱ्या गटांनाही मान्य असलेली विधानं समोर आणतो. विमा, परवाना अशा मुद्द्यांवर एकमत दिसलं आणि सरकारनं नियम करताना ते विचारात घेतलं. बंधन मात्र नव्हतं.

एक्सवरच्या (पूर्वीचं ट्विटर) ‘कम्युनिटी नोट्स’, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या टिपा, याही याच जातकुळीच्या. सहसा एकमेकांशी न पटणाऱ्यांनी टीप उपयुक्त ठरवली, तरच ती सर्वांना दिसते. त्यामागचा कोड कुणालाही वाचता येतो. अडचण वेळेची आहे : तेवढी सहमती जमेपर्यंत मूळ पोस्ट बहुतेकदा फिरून झालेली असते.