एन्कोडिंग व डिकोडिंग (मोबाइल अॅपमधील मजकूर आणि फाइली)

मजकूर, छायाचित्र, आवाज किंवा कागदपत्र साठवण्यासाठी अथवा पाठवण्यासाठी ठरलेल्या नियमाने बाइटांमध्ये किंवा साध्या चिन्हांमध्ये मांडणे म्हणजे एन्कोडिंग. त्याच नियमाने मूळ रूप परत मिळवणे म्हणजे डिकोडिंग. संकेतन आणि विसंकेतन हे शब्द मराठीत आहेत, पण अॅप बनवणारी मुले जळगावात असोत की धुळ्यात, ‘एन्कोड कर’, ‘डिकोड कर’ असेच म्हणतात. फोनच्या दृष्टीने सगळे बाइटच, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. २२४, १६४, १७९ हे तीन बाइट यूटीएफ-८ च्या नियमाने वाचले की ‘ळ’ होतो. पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेल्या जुन्या नियमाने वाचले, तर तीन असंबद्ध चिन्हे दिसतात. बाइट तेच राहतात, वाचणाऱ्याने कोणता नियम धरला यावर सगळे ठरते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत केळीचे भाव, कापसाची नोंद, सातबारा, पीकविमा अशी कामे आता फोनवर येऊन पोहोचली आहेत. त्यातली नावे, गावे आणि तक्रारी देवनागरीत लिहिल्या जातात, कधी मराठीत तर कधी अहिराणीत. त्यामुळे एन्कोडिंगची चूक इथे थेट माणसाच्या नावावर उमटते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे आणि त्याची मांडणी भारतीय ‘इस्की’ मानकावर बेतलेली आहे. युनिकोड अक्षराला क्रमांक देते. तो क्रमांक बाइटांत कसा लिहायचा हे यूटीएफ-८ सांगते. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी चिन्हाला तीन. ‘जळगाव’मध्ये ज, ळ, ग, काना आणि व अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून १५ बाइट. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत हाच शब्द १० बाइटांत मावतो.

‘धुळे’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण युनिकोडच्या हिशेबात उकार आणि मात्रा धरून चार चिन्हांचा. त्याची लांबी विचारली तर जावा, कोटलिन आणि डार्ट या प्रोग्रामिंग भाषा चार सांगतात; स्विफ्ट वाचकाच्या नजरेने मोजते आणि दोन सांगते. नावाच्या चौकटीवर ‘२० अक्षरे’ अशी मर्यादा घालणाऱ्याने आधी हे पाहावे, नाहीतर मात्रा तुटून नावच बदलते. एसएमएसमध्ये फरक आणखी जाणवतो. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरे मिळतात, मराठी संदेश मात्र सहसा प्रत्येक चिन्हाला दोन बाइट देणाऱ्या यूसीएस-२ पद्धतीने जातो आणि ७० चिन्हांत संपतो. भावाचा निरोप एका संदेशात बसवायचा तर काना-मात्रेसकट मोजावे लागते.

सर्वांत जास्त चकवणारा शब्द आहे ‘शेतकऱ्यांना’. शेतीच्या कुठल्याही अॅपमध्ये तो पहिल्याच पानावर असतो. त्यातला ‘ऱ्य’ तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: मराठीसाठीचा स्वतंत्र ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) आणि हलन्त; साधा ‘र’, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त; किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे एका कीबोर्डवर लिहिलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली की सापडत नाही. मजकूर साठवण्याआधी युनिकोडच्या एनएफसी पद्धतीने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकाच रूपात आणणारी पद्धत) एकसारखा केला, तर पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. त्याची बदली अॅपमध्ये मुद्दाम लिहावी लागते. मराठी अॅप तपासताना हा एक शब्द आधी घ्यावा, कारण इंग्रजी मजकुरावर घेतलेल्या चाचण्यांत ही चूक कधीच दिसणार नाही.

अहिराणीसाठी वेगळी लिपी लागत नाही, त्यामुळे वेगळे एन्कोडिंगही लागत नाही. तिच्यात पुष्कळ शब्दांतल्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. दोन्ही शब्द १२ बाइटांचे आणि दोन्ही तितकेच शुद्ध. एन्कोडिंगने त्यांना जसेच्या तसे पोहोचवायचे. शोध घेताना दोन्ही रूपे जुळवणे हे त्याच्या पुढचे, वेगळे काम आहे, आणि बोलणाऱ्याची भाषा ‘सुधारून’ साठवणे तर मुळीच योग्य नाही.

मजकूर बिघडतो तेव्हा बिघाडाचा प्रकार ओळखता आला पाहिजे. मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ मजकूर चुकीच्या नियमाने वाचला गेला आहे. बाइट शाबूत असतील तर बहुतेक वेळा तो परत मिळतो. पण ओळीने प्रश्नचिन्हे साठली असतील, तर देवनागरी माहीत नसलेल्या नियमात मजकूर लिहिला गेला आणि मूळ अक्षरे गेली. अँड्रॉइडवर वेगळे काही सांगितले नाही तर नियम यूटीएफ-८ च असतो. सर्व्हरवर मात्र २०२२ मधील जावा १८ च्या आधीच्या आवृत्त्या तो संगणकाच्या मांडणीवरून ठरवतात, म्हणून तिथे नियमाचे नाव स्पष्ट लिहावे. छापखान्यांतल्या जुन्या मराठी फॉन्टांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत साठवलेली असतात रोमन अक्षरांची स्थाने, मराठी असतो फक्त त्यांचा आकार. असा मजकूर अॅपमध्ये चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उरतात आणि त्या त्या फॉन्टचा परिवर्तक वापरावाच लागतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधील जुना ‘यूटीएफ८’ पर्याय एका चिन्हाला तीनच बाइट देतो. मराठी त्यात व्यवस्थित मावते, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मग कोणी केळ्याचे इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात आणि नोंद अडते. ‘यूटीएफ८एमबी४’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

छायाचित्र किंवा पीडीएफ केवळ मजकूर नेणाऱ्या वाटेने, उदाहरणार्थ जेसन या मजकुरी मांडणीतून, पाठवायची असेल तर बेस६४ वापरतात. त्यात दर तीन बाइटांची चार साधी चिन्हे होतात. देवनागरी चिन्ह नेमके तीन बाइटांचे असल्याने, मध्ये मोकळी जागा किंवा रोमन अक्षर आले नाही तर, प्रत्येक चिन्हाचे चारचे एक पुडके बनते आणि त्याची सुरुवात चारचा आकडा व रोमन ‘के’ यांनीच होते. सरावलेला माणूस हे पाहूनच आत मराठी असल्याचे ओळखतो. म्हणूनच बेस६४ला कुलूप समजू नये. ते कोणीही किल्लीशिवाय उलगडू शकतो. त्यात गुंडाळलेला पासवर्ड किंवा आधार क्रमांक उघडाच असतो. अँड्रॉइडच्या स्वतःच्या बेस६४ सुविधेत वेगळे काही सांगितले नाही तर दर ७६ चिन्हांनंतर नवी ओळ घातली जाते. सर्व्हरला ते चालत नसेल तर ‘नो रॅप’ हा पर्याय निवडतात.

केळीच्या पानावरच्या करप्याचे ३ एमबीचे छायाचित्र बेस६४ केले की ४ एमबी होते, शिवाय तेवढी सलग अक्षरमाळ फोनच्या मेमरीत धरावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क क्षीण असताना हा एक तृतीयांश जादा बोजा टाळून मल्टिपार्ट पद्धतीने मूळ बाइटच पाठवलेले बरे. बेस६४ टाळता येत नसेल, तर फाइल तुकड्यातुकड्याने वाचावी आणि शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा तीनच्या पटीत ठेवावा, म्हणजे जोड बरोबर बसतात. मजकुराची फाइल तुकड्यांनी डिकोड करताना काळजी वेगळी: तुकडा अक्षराच्या मध्येच संपला तर उरलेले एक-दोन बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवावे लागतात. तसे केले नाही, तर दीर्घ मजकुरात अधूनमधून एखादे अक्षर जाऊन तिथे काळा चौकोन आणि आत प्रश्नचिन्ह दिसू लागते.